अंगणातली तालीम

कोल्हापुरात माणूस उगाच नाचत नाही, त्याला निमित्त लागतं; आणि निमित्तांना इथे तोटा नाही. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या सासनकाठ्या हलगीवर नाचतात. श्रावणात पंचमीला पोरीबाळींच्या फुगड्या सुरू होतात. भाद्रपदात गौरी घरी आल्या की झिम्म्यानं रात्र जागते. दसऱ्यानंतर हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळेजर्द झालेले धनगर ढोलाच्या तालावर गजनृत्य धरतात. लग्नाच्या वराती, निवडणुकीचे निकाल आणि फुटबॉलचे सामने यांचा हिशेब वेगळाच.

इतकं नाचणारं शहर तब्येतीचा विषय निघाला की मात्र रंकाळा तलावाकडे चालू लागतं. डॉक्टर सांगतात ‘चाला’, माणसं चालतात, मोबाइलवर पावलं मोजतात. यात वाईट काहीच नाही. पण आदल्या रात्री तासभर झिम्मा खेळलेली बाई सकाळी ‘काल व्यायाम राहिला’ म्हणते, तेव्हा कुठेतरी हिशेब चुकतो. नाच हा सण, देव, हौस, फार तर कला. व्यायामाच्या वहीत त्याची नोंदच होत नाही. पुढच्या पानांचा विषय ही राहून गेलेली नोंद आहे. नाचल्यानं शरीराला आणि मनाला नेमकं काय मिळतं, ते किती खात्रीनं सांगता येतं, आणि कोल्हापूरच्या मातीतल्या नाचांत त्यातलं काय आधीपासून आहे, एवढं या प्रस्तावनेत पाहायचं आहे.

हा हिशेब पूर्वी इतका चुकत नव्हता. लेझीम ही मुळात व्यायामाचीच चीज. लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या. ती उघडता-मिटताना खांदे आणि दंड कामाला लागतात; पुढं वाकणं, उकिडवं बसून उठणं, पाय उचलून वळणं यांत कंबर आणि मांड्या. हे सगळं हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर, शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवून. शाळांनी तिला कवायतीच्या तासात घेतलं ते म्हणूनच. १९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमात शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं सुमारे ४०० जणांचं लेझीम पथक मैदानात उतरलं होतं. क्रीडास्पर्धेच्या मैदानावर हा नाच परका वाटला नाही.

तालीम मात्र पुरुषांची. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी नांदल्या. त्या लाल मातीत बाईनं पाऊल ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. बायकांची तालीम भरायची घरापुढच्या अंगणात, तीही श्रावण-भाद्रपदातले मोजके दिवस. तिला कुणी वस्ताद नव्हता आणि खुराकही नव्हता. पण तिथे जे खेळ खेळले जात, ते आजच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टनं बारकाईनं पाहिले तर तो थक्क होईल.

गौरी-गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत महिलांच्या झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा भरतात. झिम्मा, फुगडी, पिंगा, घागर घुमवणं, काटवट कणा, छुईफुई, सूप नाचवणं असे त्यांचे प्रकार. त्यांतली बसफुगडी घ्या. उकिडवं बसून एकेक पाय पुढं फेकत उड्या मारायच्या. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर इतका भार टाकणारा व्यायाम जिममध्येही सोपा मानत नाहीत, आणि इथे तो नऊवारीचा काष्टा मारून, हसत-खिदळत चालतो. पिंग्यात कंबर आणि पाठीचा कणा वळतो. काटवट कण्यात अंगाची लवचीकता पणाला लागते. घागर घुमवताना दम लागतो तो वेगळाच.

सगळ्यांत शहाणी फुगडी. दोघींनी हातांची अढी घालायची, पावलं जवळ आणायची, अंग मागे झोकून द्यायचं आणि गरगर फिरायचं. या अवस्थेत एकटीचा तोल असा काही उरतच नाही; दोघींचा मिळून एकच तोल असतो, आणि एकीनं हात सैल सोडला की दोघी पडतात. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो आणि मेंदूला फिरण्याची खबर देतो. डोळे, तळपाय, मानेचे आणि घोट्याचे स्नायू आपापली खबर पाठवतात. या सगळ्या खबरांचा मेळ मेंदूला क्षणोक्षणी घालावा लागतो. सरळ, सपाट रस्त्यावर चालताना या यंत्रणेला फारसं काम पडत नाही. जोतिबाची उंच सासनकाठी खांद्यावर पेलून नाचवणाऱ्या गड्याच्या शरीरात हीच कसरत चालू असते. त्याला निदान चारी बाजूंनी दोर धरणारे साथीदार असतात.

तोलाला एवढं महत्त्व कशासाठी, हे घरात कुणी म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं की कळतं. खुब्याचं हाड मोडतं, माणूस अंथरुणाला खिळतं, आणि मग एकेक दुखणं मागं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांत ६५ वर्षांपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करायला मुद्दाम सांगितलं आहे. नुसतं चालणं त्याला पुरत नाही.

याच सूत्रांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. भारताची यातली अवस्था बिकट आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये देशातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची एवढी हालचाल होत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. हा आकडा पाहून ‘बायका घरात दिवसभर राबतात की!’ असं म्हणणारे भेटतील. राबतात, यात शंका नाही. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहण्यानं कंबर दुखते, हृदय बळकट होत नाही.

‘मध्यम’ म्हणजे किती, हे ओळखायची डॉक्टरांची एक साधी खूण आहे: बोलता यावं, पण गाता येऊ नये. आता झिम्मा पाहा. त्यात गाणं तर हवंच! एकजण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. म्हणजे आळीपाळीनं प्रत्येकीला श्वास घ्यायला सवड मिळते. लय चढत जाते, ओळी तुटायला लागतात, शेवटी शब्द गळून टाळ्या आणि हुंकार तेवढे उरतात. तिथे मध्यम संपून जोरकस व्यायाम सुरू झालेला असतो. मग कुणीतरी संथ चालीचं गाणं धरतं आणि गाडी पुन्हा खाली येते. चढ-उताराचा असा व्यायाम शहरातल्या जिममध्ये पैसे घेऊन शिकवतात.

हा चढ किती महत्त्वाचा, त्याला आधार आहे. ब्रिटनमधल्या चाळिशीपुढच्या ४८ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मध्यम जोरानं नाचणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण न नाचणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी दिसलं. हलक्या, निवांत नाचाला मात्र असा लाभ दिसला नाही. थोडक्यात, हळदीच्या कार्यक्रमात दोन बोटं वर करून डोलणं हे हौसेपुरतं ठीक, दम लागायला हवा.

मेंदूची गोष्ट जास्त गाजली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर सरासरी पाच वर्षं नजर ठेवून संशोधक जो वेर्गीस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. चालणं, पोहणं, सायकल चालवणं अशा शारीरिक गोष्टींपैकी एकट्या नाचाचं स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी नातं दिसलं. बाकी मान वाचन, बैठे खेळ आणि वाद्यवादनाकडे गेला. हा अभ्यास तेव्हापासून नाचाच्या प्रत्येक जाहिरातीत फिरतो आहे आणि ‘नाचा, विसराळूपणा पळवा’ असा त्याचा चुरा झाला आहे. एवढं त्यातून सिद्ध होत नाही. पंचाहत्तरीनंतरही नाचायला जाणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याची शक्यता मोठी. ज्याची स्मृती ढळू लागली आहे तो नाच आधीच सोडतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा निरीक्षणातून पक्कं ठरत नाही.

म्हणून जर्मनीतल्या माग्देबुर्गचा प्रयोग लहान असला तरी जास्त मोलाचा वाटतो. तिथल्या संशोधकांनी सरासरी ६८ वर्षं वयाच्या निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला दीड वर्ष सतत नवनवे नाच शिकवले, दुसऱ्याकडून तेवढाच वेळ सायकल आणि भरभर चालण्यासारखा ठरावीक व्यायाम करून घेतला. २०१७ साली निष्कर्ष आले. मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, दोन्ही गटांत वाढलेला दिसला. तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. यातली मेख ‘नवनवे’ या अटीत असावी. तीच चार पावलं वर्षानुवर्षं टाकली तर अंग हलतं, डोकं झोपतं. नवी चाल पाठ करायची, दिशा लक्षात ठेवायची, चुकलं तर दोन ठेक्यांत सावरायचं, यात मेंदूला सुट्टी नाही.

धनगरी गजनृत्य पाहताना याची आठवण यावी. पांढरं धोतर, अंगरखा, डोक्याला पटका, हातांत रंगीत रुमाल. रिंगण संथ सुरू होतं. मग ढोलाची चाल बदलते आणि तिच्याबरोबर पाऊल बदलावं लागतं. ज्याचं लक्ष ढळलं तो रिंगणात लगेच उघडा पडतो. या रिंगणात पांढऱ्या मिशांचे म्हातारे विशीतल्या पोरांच्या बरोबरीनं असतात, आणि कित्येकदा पोरंच आधी बाहेर पडतात. वर्षभर मेंढरांमागं चालण्याचा त्यात वाटा आहेच. तरी साठी-सत्तरीच्या माणसाला ‘आता तुम्ही बसा’ न म्हणता रिंगणात जागा देणारी ही रीत आरोग्याच्या दृष्टीनं फार मोठी आहे. शहरी मध्यमवर्गात ती जागा सोफ्यावर असते.

आजारपणात नाच उपयोगी पडतो का? याचं मराठी उत्तर पुण्यात सापडतं. नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सोबतीनं कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ पासून असे वर्ग चालवले आहेत. या आजारात मेंदूतून आपोआप येणारी हालचालीची आज्ञा अडखळते. दारात, वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाहेरून ठेका मिळाला तर पाऊल उचलायला आधार सापडतो. टँगो नाचावर झालेल्या प्रयोगांतही रुग्णांचा तोल आणि चाल सुधारलेली आढळली. आजार बरा होत नाही, औषध थांबत नाही. पण हात थरथरतो म्हणून चारचौघांत जायला लाजणारा माणूस चारचौघांत नाचून येतो. त्याच्या घरच्यांना विचारलं तर ते या दुसऱ्या लाभाबद्दलच जास्त बोलतील.

मनाचा विषय इथूनच सुरू होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना काही गटांत एकाच वेळी एकच पाऊल टाकत, तर काहींत ज्याचं त्याचं वेगळं नाचायला लावलं. काहींना जोरात, काहींना बसल्या बसल्या. नंतर दंडावर दाब देऊन वेदना किती सोसवते ते मोजलं. २०१५ साली आलेला निष्कर्ष असा, की जोर लावल्यानं वेदना सोसण्याची ताकद वाढते आणि एकत्र ताल धरल्यानंही वाढते. शिवाय सोबतच्यांबद्दल जवळीक वाटू लागते. शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामक द्रव्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. कोरोनात ज्यांनी एकट्यानं मोबाइलसमोर झुंबा केला आणि नंतर गटात केला, त्यांना हा फरक प्रयोगाशिवायही सांगता येईल.

नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, याचे २१८ प्रयोग एकत्र करून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं २०२४ साली एक मोठा आढावा छापला. त्यात नाचाचा परिणाम ठळक दिसला, चालणं आणि योगासनांपेक्षाही. मात्र नाचावरचे प्रयोग थोडे होते, असं तो आढावा स्वतःच बजावतो. तेव्हा गोळ्या बंद करून फुगडी घाला असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

२०२३च्या जूनअखेरीस केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट आला आणि बायकांच्या झुंडी थिएटरवर लोटल्या. सहा बहिणी मंगळागौरीच्या, म्हणजे याच झिम्मा-फुगडीच्या खेळांच्या, स्पर्धेच्या निमित्तानं एकत्र येतात, एवढी त्याची गोष्ट. मंगळागौरीच्या खेळांना त्यानं नवी हवा दिली. त्या गर्दीमागे करमणुकीपलीकडचं एक कारण होतं. घर, नोकरी, सासूचं दुखणं आणि मुलांच्या परीक्षा यांतून स्वतःसाठी तासभर मागणं चाळिशी-पन्नाशीच्या बाईला आजही अवघड जातं. देवाचं नाव घेतलं की तो तास मिळतो. झिम्म्याच्या गाण्यांत सासरच्या तक्रारी, माहेरची ओढ, नवऱ्याची थट्टा खुशाल चालते. जे घरात बोलता येत नाही ते रिंगणात गाता येतं, आणि कुणी मनावर घेत नाही. मानसोपचारात मन मोकळं करायला जी मोकळीक मुद्दाम निर्माण करावी लागते, तिचं एक रांगडं रूप इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

आता दुसरी बाजू. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर डॉल्बीसमोर जे चालतं त्याला व्यायाम म्हणणं कठीण आहे. कानाला ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटं उरते. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर रात्रभर नाचणाऱ्या पोरांच्या कानात दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजते ती इशाऱ्याची असते. वर लेझरचे झोत डोळ्यांत. वर्षभर खुर्चीत बसून, पोटात नको ते ओतून, एका रात्री आठ तास उड्या मारणं हृदयालाही झेपत नाही. २०२३च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना माणसं दगावल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता. हलगी-घुमक्याच्या साध्या आवाजावर नाचणारी मिरवणूक जुनाट म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी कानाच्या डॉक्टरला एकदा भेटावं.

फुगडीही सगळ्यांसाठी नाही. भोवळ येण्याचा त्रास असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, गुडघ्याची झीज असेल तर गरगर फिरणं आणि बसफुगडी टाळावी. झिम्मा, टाळ्या, संथ पिंगा चालतो. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पुरणपोळीच्या जेवणावर लगेच नाचू नये. आणखी एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: पूर्वीचं अंगण शेणामातीचं होतं, पाय आपटला तरी जमीन थोडी दबायची. आता हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स असतात. तिथे अनवाणी उड्या मारल्या की टाच आणि गुडघा सगळा मार खातात, आणि पाय घसरतो तो वेगळा. चटई किंवा सतरंजी तर मुळीच अंथरू नये, ती सरकते. मैदान, गच्ची किंवा तालमीची माती बरी.

राहता राहिला सातत्याचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे. स्पर्धेसाठी बायका महिनाभर सराव करतात, अंग हलकं होतं, झोप लागते, गुडघे कुरकुरायचे थांबतात. गौरी जातात, बक्षीस मिळतं, गट मोडतो आणि पुढच्या श्रावणापर्यंत सगळं जिथल्या तिथे. व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही. काही आठवडे अंग हललं नाही की तो ओसरू लागतो. आठवड्याला पाच संध्याकाळी अर्धा-अर्धा तास झिम्मा धरला तर १५० मिनिटं भरतात. त्याला सण लागत नाही, नऊवारी लागत नाही, परीक्षकही लागत नाहीत.

कोल्हापूरच्या पेठांत आज कित्येक तालमींच्या पक्क्या इमारती आहेत, आणि संध्याकाळच्या वेळी त्यांतली जागा अनेकदा मोकळीच असते. तालीम मंडळांनी तो वेळ बायकांच्या झिम्म्याला आणि म्हाताऱ्यांच्या लेझमीला द्यावा. खर्च येईल तो एका हलगीवाल्याच्या मानधनाचा, आणि तेवढी वर्गणी कोणत्याही पेठेत सहज जमते.